थिंग: सभेतून वस्तूपर्यंत

आपण पाहत आहोत आइसलँडमधील थिंगवेत्लिरचे मैदान. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्टे येथे एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत. त्यांतील या काळ्या कड्यालगत इ.स. 930च्या सुमारापासून दर उन्हाळ्यात देशभरातील सरदार आणि शेतकरी न्यायनिवाड्यासाठी जमत असत. झेंडा फडकतो आहे ती जागा 'कायद्याचा खडक' मानली जाते. कायदे लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती तेव्हा कायदेवक्ता तेथून ते तोंडपाठ म्हणून दाखवी. दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीत संपूर्ण. या सभेचे नाव अल्थिंगी, सर्वांचे 'थिंग'.

आज इंग्रजीत 'थिंग' म्हणजे कोणतीही वस्तू. जर्मन आणि डच भाषांतील 'डिंग'चाही अर्थ तोच. मात्र हा अर्थ मागाहून आला, हे ठासून सांगायला हवे. केंटच्या राजांच्या 7व्या शतकातील कायद्यात 'थिंग' म्हणजे सभाच आहे. आधी सभा, मग सभेपुढचे प्रकरण, मग कोणतीही बाब आणि अखेर हाती धरता येईल अशी वस्तू, अशी ही वाटचाल आहे. आपली 'गोष्ट'ही संस्कृत 'गोष्ठी'पासून, म्हणजे मंडळींच्या बैठकीपासून आणि तेथील संभाषणापासूनच आली.

ही दगडी वेदी 1883 मध्ये उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीजवळ, हाउसस्टेड्स येथे सापडली. रोमन सैन्यातील जर्मानिक शिपायांनी ती 3ऱ्या शतकात 'मार्स थिंक्सस' या देवाला अर्पण केली. अक्षरे लॅटिन असली, तरी देवाच्या नावाला जोडलेले बिरुद शिपायांच्या मायबोलीतले असून अभ्यासक त्याचा अर्थ 'थिंगचा देव' असा लावतात. जर्मनमधील मंगळवारचे नाव, 'डीन्सटाग', याच बिरुदावरून आल्याचे मानले जाते.

1262 ते 1264 या काळात आइसलँडने नॉर्वेच्या राजाची सत्ता स्वीकारली. 1800 मध्ये अल्थिंगी बंद पडली आणि 1845 मध्ये रेक्याविक येथे पुन्हा भरू लागली. नॉर्वेचे 'स्टुर्टिंग' आणि डेन्मार्कचे 'फोल्केटिंग' या संसदांनीही हा शब्द जपला आहे.

आता आपण आइल ऑफ मॅन बेटावर आहोत. चार पायऱ्यांची ही हिरवी टेकडी म्हणजे टिनवाल्ड. नाव थिंगवेत्लिरचेच, केवळ उच्चार बदललेला. जुलैच्या आरंभी येथे वर्षभरातील नवे कायदे मॅन्क्स आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत उघड्यावर जाहीर केले जातात, आणि मंजुरीनंतर 18 महिन्यांच्या आत असा जाहीर न झालेला कायदा रद्द ठरतो.