देठाच्या बुडाशी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात फणसाच्या फांदीचा शेंडा जवळून पाहिला, तर तिथे कोवळे पान दिसत नाही; दिसते ते फिकट हिरवे, टोकदार, घट्ट मिटलेले वेष्टन. ही उपपर्णांची जोडी आहे. पानाच्या बुडाशी उगवणारी ही उपपर्णे आतल्या कोवळ्या पानाला जपतात आणि पान उलगडू लागले की गळून पडतात. मात्र फांदीभोवती त्यांचा गोल वण कायम राहतो. वड, पिंपळ आणि उंबर ही फणसाच्याच कुळातली झाडे असल्याने त्यांच्या फांद्यांवरही असेच वण आढळतात.

सगळीच उपपर्णे अशी अल्पायुषी नसतात. चिकोडी-अथणीकडच्या माळावर बाभळीच्या पानांच्या बुडाशी जोडीने असणारे पांढरे काटे म्हणजे कडक झालेली उपपर्णेच होत. लिंबाचा काटा मात्र फांदीचे रूपांतर आहे. बोचताना दोन्ही सारखेच बोचतात, ही गोष्ट वेगळी. वाटाण्यात पानाची टोकाकडची दले, म्हणजे पानाचे छोटे भाग, ताणे बनून आधार धरतात, आणि दलांहूनही मोठी असलेली उपपर्णे पानाच्या बरोबरीने अन्न तयार करतात.

भाताच्या शिवारात अशाच एका बारीक भागाला रोखठोक किंमत आहे. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेल्या भाताबरोबरच रानसाव्यासारखे तण उगवते आणि कोवळेपणी दोन्ही इतकी सारखी दिसतात, की भांगलताना भातच उपटला जाण्याची भीती असते. अशा वेळी पाते खोडापासून हलकेच मागे वाकवावे. पाते आणि खोडाला वेढणारे त्याचे आवरण जिथे जुळतात, तिथे भातात पातळ, पांढुरकी, टोकाशी दुभंगलेली जिभिका, म्हणजे जिभेसारखा पापुद्रा, उभी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसाळ कर्णिका, म्हणजे कानांसारखे छोटे भाग, असतात. रानसाव्यात त्या जागी यांपैकी काहीच नसते. लोंबी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

निपाणीच्या तंबाखूला उपपर्णे नसतात. वांगी, मिरची, टोमॅटो या तिच्या कुळातल्या पिकांनाही ती नसतात. तंबाखूच्या अनेक वाणांत पानाचे बूड दोन्ही बाजूंनी पसरून खोडाला बिलगते आणि पाहणाऱ्याला उपपर्णांचा भास होतो, पण तो पसरट भाग पानाच्या पात्याचाच असून पान खुडले की त्याच्यासोबतच निघून येतो.