लायसन्स एका बाजूला, पिस्तूल दुसऱ्या

(रात्रीचा रस्ता. मागच्या आरशात लाल-निळे दिवे.)

६ जुलै २०१६. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातलं फाल्कन हाइट्स. ३२ वर्षांच्या फिलँडो कॅस्टिल यांची गाडी पोलिसाने थांबवली. पिस्तुलाचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता. पिस्तूल जवळ आहे, हे त्यांनी आपणहून आणि अदबीने सांगितलं. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. आपण पिस्तूल काढत नव्हतो, हे त्यांचे अखेरचे शब्द. २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

नियम पाळूनही जीव गेला, ही गोष्ट आजही मनाला टोचते. समोरचा पोलीस किती घाबरलेला असेल, हे आपल्या हातात नसतं. त्याला आपले हात कुठे दिसतील, याची तयारी मात्र अमेरिकेत परवान्याचं पिस्तूल घेऊन गाडी चालवणाऱ्याला घरातून निघतानाच करावी लागते.

(कमरेचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, शेजारी मागच्या खिशातलं पाकीट.)

उजव्या कमरेला पिस्तूल आणि उजव्याच मागच्या खिशात पाकीट, ही जोडी सर्वांत घातक. तुम्ही गाडीचं लायसन्स काढायला हात मागे नेता, पोलिसाला तो पिस्तुलाकडे जाताना दिसतो. ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये (डॅशबोर्डच्या कप्प्यात) पिस्तूल आणि त्याच्याच खाली गाडीचे कागद, हीही तीच चूक. कागद सन व्हायझरला (समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेला) लावा. पाकीट पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूच्या खिशात असू द्या.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूक बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. राज्याची हद्द ओलांडतानाही जपा. न्यू जर्सीत दुसऱ्या राज्याचा परवाना चालत नाही. नुसतं तिथून पुढे जायचं असेल, तर १९८६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पिस्तूल रिकामं करून डिकीत ठेवा. गाडीला वेगळी डिकी नसेल, तर कुलूपबंद पेटीत. ग्लव्ह कंपार्टमेंटला कुलूप असलं तरी ते धरलं जात नाही.

(इंडिकेटर. गाडी कडेला.)

इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या, रात्र असेल तर आतला दिवा लावा. मग दोन्ही हात स्टीअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरून. सीटबेल्ट सोडू नका. बक्कल कमरेपाशीच असतं आणि मागून ती हालचाल पिस्तूल काढण्यासारखी दिसते. बरोबरच्यांचेही हात उघड्यावर हवेत.

पिस्तूल आहे हे पोलिसाला सांगायचं कधी? मिशिगनमध्ये ताबडतोब, पहिल्यांदा चुकलात तर ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. टेक्सासमध्ये परवानाधारकाकडे ओळखपत्र मागितलं, की लायसन्सबरोबर पिस्तुलाचा परवानाही दाखवायचा. ओहायोत २०२२ पासून विचारल्यावरच. सक्ती नसली तरी पिस्तूल अंगावर असेल तर सांगावं, असं आमचं मत.

‘गन’ या शब्दाने सुरुवात करू नका. पलीकडे उभ्या दुसऱ्या पोलिसाच्या कानावर तेवढाच शब्द पडला, तर तो इशारा समजेल. आधी परवाना असल्याचं सांगा, मग शस्त्र कुठे आहे ते, आणि विचारा, ‘मी काय करू?’ एवढं बोलताना हात जागचे हलू देऊ नका. लायसन्स मागितलं तर कोणत्या हाताने, कुठून काढताय ते सांगा. होकार आल्यावरच हात हलवा. दोन पोलिसांनी दोन उलट सूचना दिल्या, तर थांबून विचारा.

पोलिसाने पिस्तूल ताब्यात घ्यायचं म्हटलं, तर काढून देऊ नका. त्यालाच घेऊ द्या. परत देताना बहुधा ते रिकामं असतं, गोळ्या वेगळ्या. आहे तसं राहू द्या. पोलिसांची गाडी निघून जाईपर्यंत मॅगझिनला (गोळ्या भरायच्या कप्प्याला) हात लावायचा नाही.