सक्ती नेमकी कुणावर?

(पडद्यावर : 1912 सालच्या कलकत्त्याची कृष्णधवल छायाचित्रं)

मार्च 1912. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उभे राहिले, तेव्हा आपलं विधेयक पडणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तसं त्यांनी सभागृहात बोलूनही दाखवलं. आमच्या पिढीला देशाची सेवा करायची आहे ती अपयशं पचवूनच, अशा अर्थाचं ते बोलले. 19 मार्चला मतं मोजली. बाजूने 13, विरोधात 38.

विधेयक होतं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं. आणि ते किती जपून लिहिलं होतं! देशभर सरसकट लागू करायचं नव्हतंच. ज्या नगरपालिकेला, ज्या लोकल बोर्डाला हवं असेल, त्यांनी सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा बंधनकारक करायची. मुलींचा विचार पुढे. एक मैलाच्या आत शाळा नसेल तर सक्ती नाही. मूल आजारी असेल, घरात अडचण असेल, शेतीचा हंगाम ऐन भरात असेल, तर सूट. मूल शाळेत येत नसेल तर आधी हजेरी समितीने बापाची समजूत घालायची, आणि तरीही ऐकलं नाही तर मग दंड. ज्याची मिळकत महिना 10 रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घ्यायची नाही.

एवढं मवाळ विधेयकही पाडलं गेलं. सरकार म्हणालं, पैसा कुठून आणायचा? लोकांची मागणी कुठे आहे? लोक राजीखुशीने मुलं पाठवतील तेव्हा पाठवतील, सक्तीची घाई कशाला?

इथे थांबून विचारायला हवं. स्वराज्य मागणारा माणूस सक्ती का मागत होता? जो देश स्वतःच गुलाम आहे, त्याच्या लेकरांवर आणखी एक बंधन कशासाठी?

(पडद्यावर : पुण्यातल्या जुन्या पेठा)

ही मागणी गोखल्यांच्याही आधीची. 19 ऑक्टोबर 1882 या तारखेचं जोतीराव फुल्यांचं निवेदन, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाच्या दप्तरात आहे. त्यात त्यांनी हिशेबच मांडला होता : सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणासाठी. त्याच निवेदनात त्यांनी मागितलं, की बहुजनांच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा.

1893 साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानाला लावला. तिथे मुलीसुद्धा सक्तीच्या कक्षेत होत्या. 1917 मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, अस्पृश्यांच्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा त्यांनी बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला.

हे दोन हुकूम मला एकत्र वाचावेसे वाटतात. गावकुसाबाहेरचा एखादा बाप पोराला शाळेत घालत नसेल, तर ती त्याची निवड होती का? पोरगं शाळेत गेलं तर गावकीचं काम कोण करणार, असं विचारणारे वेगळेच होते. मूल वर्गाबाहेर बसवणारेही वेगळेच होते. बापाला नुसतं स्वातंत्र्य देऊन त्यात काय बदललं असतं? पण राजाचा हुकूम असला, की त्याच बापाला मान वर करून सांगता येतं : ‘माझ्या हातात नाही मालक, कायदाच आहे.’ दुबळ्या माणसाला कधी कधी सक्तीचाच आडोसा लागतो. सक्तीला सरसकट जुलूम म्हणणाऱ्यांना हा आडोसा दिसत नाही, कारण त्यांना तो कधी लागलेला नसतो.

(पडद्यावर : वर्धा, सेवाग्रामच्या वाटा)

आता दुसरी बाजू, आणि ती मांडणारा माणूस साधासुधा नाही. 1909 मध्ये, गोखल्यांच्या विधेयकाच्याही आधी, त्यांनाच गुरू मानणाऱ्या गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं. त्यात त्यांनी विचारलं आहे, की शेतकरी प्रामाणिकपणे आपली भाकरी मिळवतो, आईबाप, बायकापोरं, गाव यांच्याशी कसं वागायचं हे त्याला कळतं, मग अक्षरं शिकवून तुम्ही त्याच्या सुखात कोणती भर घालणार? हे शिक्षण सक्तीचं करायची गरज नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढे 1924 मध्येही सक्तीविषयीची नावड त्यांनी उघड लिहिली.

गांधीजींचा मुद्दा झटकून टाकता येत नाही. त्यांच्यासमोरची शाळा कारकून घडवणारी होती. मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटायला लावणारी, परक्या भाषेत घोकंपट्टी करून घेणारी. अशा शाळेत मुलांना ढकलायला हुकूम काढायचा, तर स्वातंत्र्याची चाड असलेला माणूस बिथरणारच. पण ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा ठराव केला. शिक्षण मातृभाषेतून, आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं. म्हणजे शाळेचं रूप बदलायचं ठरलं, तेव्हा त्यांची सक्तीला असलेली हरकतही मावळली. माझ्या मते या वादाची किल्ली इथे आहे : सक्ती कोणत्या शाळेची, हे विचारल्याशिवाय सक्ती बरी की वाईट हे सांगताच येत नाही.

23 नोव्हेंबर 1948. घटना समितीत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू आहे. एक सूचना येते, की हे फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नकार देतात आणि कारण सांगतात : चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आपण मनाई करतो आहोत. त्याला कामावर ठेवायचं नाही, तर ते मूल कुठल्या तरी शिक्षणसंस्थेत असलं पाहिजे. एवढ्या एका युक्तिवादात शाळा आणि बालमजुरी एकमेकींना बांधली गेली. राज्यघटनेने त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती 1960 मध्ये उलटली. शिक्षण मूलभूत हक्क व्हायला 2002ची घटनादुरुस्ती लागली, आणि त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्ष लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी.

या कायद्याचं आठवं कलम फार थोडे लोक वाचतात. सक्तीचं शिक्षण म्हणजे काय, याची व्याख्या तिथे आहे, आणि ती सरकारला उद्देशून आहे : सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षणाची पूर्तता यांची खात्री करणं ही शासनाची बांधिलकी. दहाव्या कलमात पालकांचं कर्तव्य सांगितलं आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा नाही. गोखल्यांच्या काळात दंड बापाला होता. आज कायद्याचं बोट सरकारकडे वळलेलं आहे.

(पडद्यावर : बीड जिल्हा, दसऱ्यानंतरचे दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेला संसार)

आता बीडकडे या. धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार. दसरा झाला की गावं रिकामी होऊ लागतात. माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यावर जायचं. पहाटे अंधारात फडात शिरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण. ती नऊ-दहा वर्षांची असते. तिची शाळा दिवाळीच्या आसपास सुटते आणि ही माणसं परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर किंवा होऊन गेलेली.

या मुलीच्या आईला विचारा, की मुलीला शाळेत न पाठवायचं स्वातंत्र्य तुम्हाला हवं का. ती मुलीला सोबत नेते, कारण घरी ठेवायला कुणी नाही, आणि वयात येत चाललेल्या पोरीला एकटं ठेवायची छातीही नाही. ज्या गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होतं, मुलांच्या जेवणाची सोय होते, आजी किंवा काकूजवळ राहून शाळा चालू राहते, तिथे हीच माणसं मुलांना मागे ठेवून जातात. वसतिगृहाची मंजुरी गाड्या निघून गेल्यावर आली, तर त्या मंजुरीला काय अर्थ?

शेतीच्या हंगामाची सूट गोखल्यांनी दिली होती, ती चार दिवसांच्या सुगीसाठी. इथे हंगाम पाच-सहा महिन्यांचा आहे. कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. दुसरीकडे, 2017च्या अखेरीस राज्यात दहापर्यंत पट असलेल्या सुमारे 1300 शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळायचा निर्णय जाहीर झाला. ज्याच्यावर सक्ती, त्यानेच शाळा दूर न्यायची?

(पडद्यावर : शहरातल्या एका घराची खिडकी, आत पुस्तकं)

पुण्या-मुंबईत वेगळे पालकही भेटतात. शाळा मुलाचं कुतूहल मारते, म्हणून ते मुलांना घरीच शिकवतात. त्यांच्यातले बरेच मनापासून राबतात. आपला कायदा या घरांबद्दल काही बोलत नाही, आणि ही त्रुटी भरून काढायला हवी असं मला वाटतं. त्यांना मोकळीक द्यावी. मात्र एका अटीवर : मूल खरंच शिकतं आहे ना, आणि त्याला स्वतःला काय हवं आहे, हे घराबाहेरच्या कुणीतरी त्या मुलाला भेटून पाहिलं पाहिजे. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आधुनिक जगापासून दूर राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवायची मुभा दिली. न्यायमूर्ती डग्लस यांनी त्या निकालात अंशतः वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं होतं, की इथे भवितव्य मुलांचं ठरतं आहे, तर त्यांनाही विचारा. आईबापांच्या स्वातंत्र्याच्या वादात मुलाचा आवाज असा सहज बुडतो.

पण घरी शिकवायला ज्यांना सवड आणि पुस्तकं आहेत, त्यांच्यासाठी कोप्यांवरच्या मुलींचा कायदा सैल करता येणार नाही. उलट तो घट्ट करायला हवा. वसतिगृहाची मंजुरी दसऱ्याआधी हवी. गाव सोडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक हवं, आणि ते घेऊन मूल कारखान्याजवळच्या शाळेत पोचलं तर त्याच दिवशी पटावर नाव. यातलं काही राहिलं, तर जाब बापाला विचारू नका. तो जिल्हा परिषदेला विचारा, आणि मंत्रालयाला.