चीर देण्याआधीचा एक डोस

श्रोतेहो, नमस्कार.

मान आणि पाठ सतत दुखते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खोल वळ पडलेत, स्तनांखाली घामाने पुरळ उठतं, असं वर्षानुवर्षं सोसणाऱ्या कितीतरी बायका संकोचापायी डॉक्टरांकडे जातच नाहीत. स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया हा त्यांच्यासाठी खरा उपचार आहे. आणि ती ठरली, की घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, अँटिबायोटिकचा कोर्स किती दिवसांचा?"

अहो, खरं काम करणारा डोस तुम्ही शुद्धीवर यायच्या आतच होऊन गेलेला असतो. त्वचेवर आणि स्तनातल्या दूधनलिकांमध्ये जंतू एरवीही असतात. चीर दिली की ते जखमेत उतरणार. तेव्हा औषध त्यांच्याआधी तिथे हजर हवं. 1961 साली अमेरिकन सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगवर प्रयोग करून हेच दाखवलं. जंतू टोचण्याआधी दिलेलं औषध प्रभावी ठरलं. तीन तास उलटल्यावर दिलेल्याचा जवळजवळ उपयोगच झाला नाही.

म्हणून चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून सेफाझोलिन नावाचं अँटिबायोटिक देतात. मोठ्या माणसाला साधारण 2 ग्रॅम, वजन 120 किलो किंवा त्याहून जास्त असेल तर 3. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे लांबली, तर पुन्हा एक डोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत तर चीर देण्यापूर्वी मोठ्याने विचारायचा एक प्रश्नच आहे: गेल्या 60 मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

आणि नंतरच्या पाच-सात दिवसांच्या गोळ्या? नेहमीच्या, स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर टाके घातल्यावर, अगदी जखमेतला स्राव बाहेर काढणारी ड्रेनची नळी ठेवलेली असली तरी, प्रतिबंध म्हणून औषध लांबवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. जुलाब, अंगावर पित्त आणि औषधाला न जुमानणारे जंतू, एवढंच पदरात पडतं. आपल्याकडे तर हे हट्टी जंतू आधीच डोकेदुखी झालेत.

स्तनाखाली उभा आणि आडवा टाका जिथे मिळतो, तिथली जखम थोडी उघडलेली दिसते आणि माणसं घाबरतात. तिथे ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी असतो. बहुतेकदा नीट ड्रेसिंगनेच ती भरून येते. ती लवकर भरावी असं वाटत असेल, तर ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद करा, साखर आटोक्यात आणा. स्तनांखालचं पुरळ आधी बरं करून घ्या. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

मात्र घरी आल्यावर ताप आला, लाली पसरत चालली, पू दिसला, तर ती गोष्ट वेगळी. तो संसर्ग आहे आणि त्याला उपचार लागतो. कपाटातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. त्याच दिवशी सर्जनना जखम दाखवा, आणि पू असेल तर त्याचा नमुना कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत हे तपासायला, पाठवायचा का, ते विचारा.