देशोदेशींच्या चीअरलीडिंग स्पर्धा आणि त्यांची गुणपत्रिका

दादरमध्ये क्रीडाशिक्षक, मल्लखांब व जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक आणि गोविंदा पथकांचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

मंडळी, २००८मध्ये आयपीएल सुरू झाली आणि चौकार-षटकारानंतर सीमारेषेबाहेर पॉमपॉम घेऊन नाचणाऱ्या मुली आपण पाहिल्या. चीअरलीडिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेच येते. ते व्यावसायिक नृत्याचे काम आहे आणि मेहनतीचेही आहे; पण आजचा विषय तो नाही. आज स्पर्धेच्या चीअरलीडिंगबद्दल बोलायचे आहे. तिथे बाजूला दुसरा कुठलाच सामना चाललेला नसतो. मॅटवर पथक, समोर परीक्षक आणि हातात अडीच मिनिटे, एवढाच मामला.

खेळाचा जन्म मात्र सामन्याच्या कडेलाच झाला. २ नोव्हेंबर १८९८ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांकडून ठेक्यात घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून ही गोष्ट मोजतात. पहिली पंचवीस वर्षे हा पुरुषांचाच प्रांत होता. आज इंटरनॅशनल चीअर युनियन, म्हणजे आयसीयू, ही २००४मध्ये स्थापन झालेली संस्था या खेळाची जागतिक संघटना आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला २०१६मध्ये तात्पुरती आणि २०२१मध्ये पूर्ण मान्यता दिली. मान्यता मिळाली म्हणजे खेळ ऑलिम्पिकमध्ये आला असे नाही; तो अजून आलेला नाही.

आता मैदान. मॅट ५४ फूट बाय ४२ फुटांची, म्हणजे साधारण १६.५ मीटर बाय १२.८ मीटर. कबड्डीचे मैदान १३ बाय १०चे, त्यापेक्षा ही चांगलीच मोठी. ६ फूट रुंदीच्या नऊ पट्ट्या शेजारी शेजारी अंथरून वेल्क्रोने जोडतात. या पट्ट्यांचे जोड खेळाडूंना खुणेसारखे उपयोगी पडतात. पाचवी पट्टी मधली, त्यामुळे ‘तू तिसऱ्या पट्टीवर, जोडापासून एक पाऊल आत’ अशा भाषेत जागा ठरवतात. अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धांत मॅटखाली स्प्रिंगची फळी असते, तिच्यावर कोलांट्या उंच जातात. जगात अनेक ठिकाणी नुसता फोम असतो. स्प्रिंगवर तयार झालेले पथक फोमवर आले की पहिला फटका टंबलिंगला, म्हणजे कोलांट्या-उड्यांना, बसतो: उडी कमी पडते, फिरकी अपुरी राहते आणि खेळाडू हात टेकतो. म्हणून बाहेर खेळायला जाणाऱ्या पथकाने आधी विचारायचे ते हेच, की खाली काय आहे?

वेळेचा हिशेब आठ मात्रांत करतात. संगीताचा वेग मिनिटाला १४४ ठोके धरला, तर अडीच मिनिटांत ३६० ठोके, म्हणजे आठ-आठचे ४५ गट. प्रशिक्षक कागदावर ४५ ओळी आखतो आणि प्रत्येक ओळीत कोण कुठे, कोण कुणाला उचलतोय, हे लिहितो. रिकामी ओळ ठेवायची नाही. अर्थात प्रत्येक ओळ अवघड करून ठेवली तर दीड मिनिटातच पथकाचा दम संपतो.

माझा मुख्य मुद्दा आता येतो. कुठल्याही देशातले पथक कसे दिसते, हे त्या देशाच्या ‘शैली’पेक्षा तिथली गुणपत्रिका जास्त ठरवते. आयसीयूच्या टीम चीअर गटाची शंभर गुणांची विभागणी फळ्यावर लिहितो: घोषणा १०, पार्टनर स्टंट (छोट्या गटाने एकाला उचलून धरणे) २५, पिरॅमिड २५, बास्केट टॉस (हातांच्या चौकोनावरून उंच फेकून झेलणे) १५, टंबलिंग १०, एका भागातून दुसऱ्यात जाण्याचा ओघ ५, एकंदर सादरीकरण आणि नाच १०. बेरीज करून पाहा. माणसाने माणसाला उचलणे, फेकणे आणि झेलणे याला १००पैकी ६५. ज्या कोलांट्यांसाठी आपण जिम्नॅस्टिक्सची मुले शोधू, त्यांना फक्त १०. आपल्याकडे कुणी पथक उभे करायला निघाला की तो आधी फ्लिक, म्हणजे हातांवरून मागची कोलांटी, मारणारी मुले गोळा करणार, हे मला ठाऊक आहे. त्याने आधी खांदे आणि मनगटे भक्कम असलेली मुले गोळा करावीत.

त्या घोषणेच्या १० गुणांवर थोडे थांबतो, कारण तिकडे फार दुर्लक्ष होते. आयसीयूच्या जागतिक स्पर्धेत संगीत सुरू होण्याआधी किमान ३० सेकंद पथकाने प्रेक्षकांना सोबत घेऊन घोषणा द्यायच्या असतात. झेंडे, अक्षरांचे फलक, मेगाफोन चालतात आणि आपल्या मातृभाषेत बोलायला प्रोत्साहन असते. त्यामुळे एकाच सभागृहात फिनिश, थाई, स्पॅनिश, जपानी घोषणा एकापाठोपाठ ऐकू येतात. परक्या प्रेक्षकाला लांब वाक्य परत म्हणता येत नाही. एकच शब्द, दोन-तीन अक्षरांचा, शेवटी स्वर मोकळा सोडणारा, तो फलकावर दाखवायचा आणि उत्तरासाठी पूर्ण चार मात्रा रिकाम्या सोडायच्या. बहुतेक पथके इथेच घाई करतात आणि प्रेक्षकाचे उत्तर येण्याआधी पुढची ओळ सुरू करतात. दुसरी चूक म्हणजे उचलतानाच ओरडणे. खालच्याचा श्वास जोर लावण्यात अडकलेला असतो, आवाज चिरकतो आणि शब्द कळत नाही. त्या क्षणी बाजूला उभ्या असलेल्यांनी ओरडावे.

आयसीयूची ही जागतिक स्पर्धा एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडोजवळ, डिस्नेच्या क्रीडा संकुलात होते. त्याच सुमाराला, त्याच संकुलात क्लबांची वेगळी जागतिक स्पर्धाही असते. पहिलीत देश उतरतात, दुसरीत क्लब. क्लबांना थेट प्रवेश नाही. हंगामभर ठरावीक स्पर्धांमधून निमंत्रण मिळवावे लागते. त्याला बिड म्हणतात. काही बिडमध्ये सगळा खर्च मिळतो, काहींत थोडा, तर काहींत फक्त प्रवेश.

अमेरिकेत एकाच नावाखाली निदान तीन खेळ चालतात. क्लबांचा ऑल-स्टार हा एक. तिथे अडीच मिनिटे अखंड संगीत असते आणि अवघडपणानुसार एक ते सात पातळ्या. पहिल्या पातळीत गोलांटी, कार्टव्हील यांसारख्या साध्या गोष्टी. वर चढत गेल्यावर उलट्या कोलांट्या, फिरक्या. वरच्या पातळीची गोष्ट खालच्या पातळीत केली तर गुण वाढत नाहीत, उलट कापले जातात. ही पायरी मला या खेळातली सर्वांत शहाणी व्यवस्था वाटते. तिच्यामुळे नवख्या पोराला कुणी घाईघाईने उंच फेकत नाही. दुसरा शाळांचा. त्यात घोषणेचा भाग असतो, आणि गेम डे नावाच्या गटात तर सामन्यात गर्दीला कसे हलवाल हेच तपासतात: बँडच्या तालावरची घोषणा, खेळातल्या परिस्थितीनुसार हाक, शाळेचे गाणे. तिथे उंच टॉसपेक्षा फलक योग्य वेळी वळला का, याला महत्त्व.

तिसरा महाविद्यालयांचा. त्यातली एनसीएची, म्हणजे नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशनची, मोठी स्पर्धा डेटोना बीचवर, समुद्राकाठच्या उघड्या रंगमंचाशी होते. वारा ही तिथली खरी परीक्षा. एका हातावर उभ्या केलेल्या फ्लायरला, म्हणजे वर उचललेल्या मुलीला, वारा बाजूने ढकलतो; खालचा मुलगा ते सावरायला पाऊल टाकतो आणि तिथेच गुण जातात. सरावात फक्त बंद हॉल असेल तर हे समजतच नाही. जिंकलेली पथके त्याच गणवेशात धावत समुद्रात शिरतात, अशी तिथली रीत आहे.

आशियात आलो की चित्र बदलते. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या आठ विद्यापीठांच्या यूएएपी या क्रीडासंघटनेची चीअरडान्स स्पर्धा १९९४पासून चालते आणि बास्केटबॉलची मोठी इनडोअर मैदाने ती भरून टाकते. सादरीकरण सहा मिनिटांच्या आसपास, म्हणजे अमेरिकन रूटीनच्या दुपटीहून जास्त. नाचाला भरपूर वजन आणि वेषभूषेपासून संगीतापर्यंत एक कल्पना धरून मांडणी. प्रत्येक विद्यापीठाचे ढोलवाले प्रेक्षकांत बसून आपल्या बाजूची गर्दी पेटती ठेवतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचा गजर ज्यांनी ऐकलाय त्यांना ते वातावरण लगेच कळेल. पण सहा मिनिटांची किंमत शेवटी मोजावी लागते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला पुढच्या हाताचे स्नायू भरून येतात, पकड सैल होते आणि शेवटचा पिरॅमिड डळमळतो. म्हणून अनुभवी पथके सर्वांत अवघड रचना मध्यावर उरकतात आणि शेवटी दिसायला भव्य, पण हाताला सोपी रचना ठेवतात.

जपानमध्ये चीअरच्या आधीपासून ओएनदान होते: काळ्या बंद गळ्याच्या गणवेशातली, मोठ्या ढोलावर शिस्तीत हात फेकणारी विद्यापीठांची पथके. ती आजही आहेत. जपानी चीअर पथकांत हाताच्या रेषा इतक्या एकसारख्या असतात, त्यामागे ही परंपरा आहे असे मला वाटते. हात खांद्याच्या किंचित पुढे, मूठ बंद, मनगट सरळ. वीस जणांत एकाचे मनगट वाकले तरी नजर तिथेच जाते. टोकियोत केंद्र असलेल्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००१मध्ये तिथे आपली पहिली जागतिक स्पर्धा भरवली होती. म्हणजे ‘जगज्जेते’ असे कुणी सांगितले, की कुठल्या संघटनेचे, हे विचारून घ्यावे.

युरोपबद्दल थोडक्यात सांगतो. फिनलंड हा लहान देश वरच्या रांगेत असतो, कारण तिथे क्लबात लहान वयापासून वर्षभर सराव चालतो. जर्मनीत हा खेळ अमेरिकन फुटबॉलच्या क्लबांसोबत वाढला. ब्रिटनमध्ये क्लबांबरोबर विद्यापीठांची पथके मोठ्या संख्येने उतरतात आणि त्यांतली बरीच मुले महाविद्यालयात येऊनच शिकायला लागलेली असतात.

आता गोविंदा पथकांसाठी. चीअरमध्ये वरच्या गटातही उंचीची मर्यादा अडीच माणसांची. आठ-नऊ थर लावणाऱ्यांना ती किरकोळ वाटेल. २०१२मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने लावलेले नऊ थर १३.३४ मीटरचे भरले होते. पण थर चढताना भोवती शेकडो हात असतात आणि चढायला वेळ असतो. चीअरचा पिरॅमिड आठ किंवा सोळा मात्रांत उभा राहतो, तिथेच रूप बदलतो आणि उतरतो, भोवती गराडा नाही. सलामी देऊन नीट उतरणारे पथकच खरे, हे तुम्ही मानता; इथे तर उतरण्याची प्रत्येक चूक कागदावर येते. फ्लायरचा पाय निसटून सावरला तरी वजा, खाली आली तर जास्त वजा. एकही वजा गुण नसलेल्या सादरीकरणाला ‘हिट झीरो’ म्हणतात आणि पथके क्रमांकाआधी तेच विचारतात.

बास्केट टॉस जवळून पाहू. दोन बेस, म्हणजे खालून उचलणारे, समोरासमोर. प्रत्येकाने उजव्या हाताने स्वतःचे डावे मनगट धरायचे, डाव्या हाताने समोरच्याचे उजवे. हातांचा चौकोन होतो. फ्लायर दोघांच्या खांद्यांवर हात टेकून त्या चौकोनावर पाय ठेवते. मागे बॅकस्पॉट, म्हणजे मागून आधार देणारा, लागल्यास पुढे चौथा. फेकणारे चारांपेक्षा जास्त चालत नाहीत. सगळे एकाच मात्रेला गुडघ्यात वाकतात आणि पायांच्या जोरावर फेकतात. हात शेवटी कानांशी सरळ. फ्लायरने खांदे ढकलून उभे राहायचे, अंग ताठ ठेवायचे आणि वर पोचेपर्यंत काहीही करायचे नाही. शिखरावर पोचल्यावर कृती, मग पाय सरळ, पोट आत, हात बाजूला. झेलणारे निदान तिघे, त्यातला एक डोके-खांद्यांसाठी.

बिघडते ते साधारण असे. एक बेस अर्धी मात्रा आधी वाकला की फ्लायर दुसऱ्या बाजूला झुकते. तिने खाली पाहिले की ती पुढे सरकत जाते. कृती लवकर सुरू केली की उंचीच मिळत नाही. आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे झेलायला हात कमरेशी ठेवून वाट पाहणे. हात वर हवेत, तिला उंचावर स्पर्श करायचा आणि मग गुडघ्यांनी वजन जिरवायचे. खाली धरलेल्या हातांवर ती आदळते. बेसचे तोंड आणि फ्लायरची पाठ, दोन्ही जायबंदी होतात. अमेरिकेत महाविद्यालयांनी २००६पासून बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टावर मॅटशिवाय हा टॉस बंद केला.

मुंबईत सुरू करायचे तर सोळा जण घ्या, म्हणजे चौघांचे चार गट होतात. आयसीयूच्या गटात सोळा ते चोवीस जण चालतात. शाळेचा हॉल पाहताना आधी मान वर करा: छताचे पंखे आणि तुळया टॉसच्या आड येतात. तिथे कंबर आणि खांद्याच्या उंचीचे स्टंट करावेत, टॉस उंच छताच्या जिम्नॅशियममध्येच. पहिले कित्येक आठवडे उचलणे कमी आणि झेलणे जास्त ठेवा. फ्लायरला अंगठ्या, नथ, पैंजण, काचेच्या बांगड्या काहीही नको, लाल दोराही मनगटातून काढायला सांगा, त्यात बेसचे बोट अडकते. दहीहंडीत १४ वर्षांखालील मुलांना न घेण्याची जी अट २०१७पासून आहे, तीच वरच्या टॉससाठी पाळायला हरकत नाही. आणि जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा मॅटच्या फोमवर ओल आणतो, तळहात घामाने निसरडे होतात. दोन स्टंटच्या मध्ये हात पुसायला सुका पंचा प्रत्येक गटाजवळ हवा, आणि मॅटवर तळपाय टेकवून ओल लागली तर त्या दिवशी टॉस आणि पिरॅमिड सोडून घोषणा, हातांच्या रेषा आणि नाच एवढेच घ्यावे.