सातव्या पिढीचं गाव

नमस्कार मंडळी. गेल्या गणपतीत आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी मॉरिशसची एक मुलगी आली होती, भारत सरकारच्या स्कॉलरशिपवर इथे पुण्यात शिकतीये. आरतीला उभी राहिली आणि पुस्तकात न बघता सगळी आरती म्हणाली हो! त्यांच्याकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

प्रसाद खाता खाता तिने मोबाईल पुढे केला. म्हणाली, "काकू, हे कुठलं गाव असेल?" फोटोत तिच्या खापरपणजोबांचा जुना कागद. १८३४ पासून ऊसाच्या मळ्यांवर कामाला आपली माणसं तिकडे नेली, मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, आणि प्रत्येकाची नोंद झाली, नाव, बापाचं नाव, जिल्हा, गाव. ही दप्तरं तिथल्या सरकारने मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलीत. जिल्हा रत्नागिरी हे कळलं, पण गावाचं नाव कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, ते आम्ही चार जण तासभर नकाशा घेऊन जुळवत बसलो, दोन गावांवर अडकलो.

आता बघा, दोन्ही सरकारांनी कामं केलीत, नाही असं नाही. २०२१ पासून व्यापार करार लागू आहे, भारताने आफ्रिकेतल्या देशाशी केलेला असा तो पहिलाच. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना आपलं सरकार देतं ते, एरवी पणतवंडांपर्यंतच मिळतं, पण मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती मुर्मू तिकडे गेल्या तेव्हा मॉरिशससाठी ते सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

पण कार्ड हातात आलं तरी गाव सापडत नाही ना. तिकडची नोंद तयार आहे, इकडे आपल्या तहसील कचेरीत विचारायला गेलं तर सर्व्हे नंबर मागतात, आणि ज्याचा पूर्वज मजूर म्हणून गेला त्याच्याकडे कुठला सर्व्हे नंबर? आपल्या राज्य सरकारने रत्नागिरीत एक टेबल टाकावं, जुन्या गावांच्या नावांची यादी आणि ती वाचणारा एक माणूस, बास. करारांपेक्षा स्वस्त पडेल ते.

श्रोत्यांमध्ये कोकणातले बरेच असणार. तुमच्या घरात कुणी सांगायचं का, की आमच्यातला एक जण मिरिचला, म्हणजे मॉरिशसला, गेला आणि परत आलाच नाही? तसं असेल तर आकाशवाणीला पत्र टाका. दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी त्या दोन्ही गावांना जाणारे, मी तिच्याबरोबर चाललीये.