विचारणारं कोणीतरी

नमस्कार मंडळी. आज मला अशा लोकांबद्दल बोलायचंय जे कुठल्याच प्रार्थनास्थळात जात नाहीत, पूजा-प्रार्थना करत नाहीत, पण तरी आठवड्यातले तीन-चार तास अनोळखी माणसांसाठी काढतात. नास्तिक म्हणा, विवेकवादी म्हणा, मानवतावादी म्हणा, किंवा नुसतंच "मी काही धार्मिक वगैरे नाही" असं सांगणारे म्हणा. मीही त्यातलीच एक, आणि आमच्या ग्रुपबरोबर काम करताना सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारा प्रश्न म्हणजे, अहो तुम्ही तर काहीच मानत नाही, तुम्हाला ना पुण्य ना स्वर्ग, मग हे कशासाठी करता?

पूर्वी मी यावर खूप बोलायचे. आता एवढंच सांगते की समोरच्याला गरज असते आणि माझ्याकडे वेळ असतो. मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळाच आहे. मदत करावी असं मनापासून वाटणारे आपल्यात इतके जण आहेत, मग त्या दिवशी प्रत्यक्ष हजर राहणारे इतके कमी का?

अमेरिकेत रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या दोन अभ्यासकांनी या विषयात मोठा सर्व्हे केला होता, त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. नेमाने चर्चला जाणारे लोक स्वयंसेवेत पुढे असतात हे त्यांना दिसलं, आणि ते आपण मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. पण का पुढे असतात हे शोधायला गेल्यावर उत्तर सापडलं ते मैत्रीत. कोणाची श्रद्धा किती घट्ट आहे याने फारसा फरक पडत नव्हता, तिथे येणाऱ्यांमध्ये तुमचे जवळचे मित्र किती आहेत याने पडत होता. त्यांनी तर असंही म्हटलंय की एखादा नास्तिक समजा बायकोमुळे चर्चच्या लोकांमध्ये मिसळला, तर तो घरी एकटाच प्रार्थना करणाऱ्या अगदी कट्टर श्रद्धाळू माणसापेक्षा जास्त स्वयंसेवा करेल. म्हणजे बघा, दर आठवड्याला भेटणारी चार माणसं आणि त्यातलं कोणीतरी "येतेस ना?" म्हणून विचारणारं, सगळं काम हे करतं.

आमच्याकडे नेमकं हेच नव्हतं. आमचा पहिला ग्रुप व्हॉट्सॲपवर होता, चाळीस जण, कुठलाही मेसेज टाकला की धडाधड अंगठे यायचे, आणि तिसऱ्या महिन्यात हॉस्पिटलमधल्या पेशंटना वाचून दाखवायला आम्ही दोघीच उरलो होतो. मला तेव्हा लोकांचा खूप राग आला होता, आता वाटतं त्यात त्यांची चूक नव्हती, त्यांना नावाने कोणी विचारलंच नव्हतं. मग आमच्यातल्या एका ताईंनी वही केली. साधी शंभर पानी वही, डावीकडे नाव, उजवीकडे शनिवारच्या तारखा. गुरुवारी संध्याकाळी त्या एकेकाला फोन लावायच्या, आधी तब्येत विचारायच्या, मुलाची परीक्षा कशी गेली विचारायच्या आणि मग म्हणायच्या, "शनिवारी चारला तुमचं नाव लिहू का?" नाही म्हटलं तरी चालायचं, पण पुढच्या गुरुवारी फोन यायचाच. दोन महिन्यांत आम्ही दोघींच्या अकरा जणी-जण झालो, आणि त्या अकरातले नऊ अजून टिकून आहेत.

आता काही जण म्हणतील की हे तर देवळासारखंच झालं, ठरलेला वार, ठरलेली वेळ. हो, झालं, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही. फेलिक्स ॲडलर नावाचे गृहस्थ होते, ज्यू धर्मगुरूंचे चिरंजीव, वडिलांच्या जागी बसतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ते सोडून त्यांनी 1876 मध्ये न्यूयॉर्कला देवाधर्माची अट नसलेली, नीतीवर आधारलेली संस्था काढली, एथिकल कल्चर नावाची, पण रविवारची सभा मात्र ठेवली. आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नर्सेस गरिबांच्या घरी जाऊन आजारी माणसांची सेवा करायला लागल्या, त्याच्या पुढच्या वर्षी कामगारांच्या मुलांसाठी फुकट बालवाडी निघाली. नेदरलँड्समध्ये महायुद्ध संपल्या संपल्या, 1945 मध्ये, ह्युमॅनिटास ही कुठल्याच धर्माशी न बांधलेली संस्था उभी राहिली, आणि ती आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर एकट्या पडलेल्या माणसांना सोबत देते. आपल्या देशात आंध्रातले नास्तिक समाजसुधारक गोरा, म्हणजे गोपराजु रामचंद्र राव, आणि त्यांच्या पत्नी सरस्वती गोरा यांनी 1940 मध्ये नास्तिक केंद्र सुरू केलं, 1977 च्या आंध्रातल्या भयंकर चक्रीवादळानंतर त्या केंद्राचे लोक मदतीला उतरले होते. तर सांगायचं म्हणजे ही काही आजकालची टूम नाही.

नेम का लागतो ते मला रक्तपेढीत सगळ्यात नीट कळलं. लाल पेशी फ्रीजमध्ये फार तर 42 दिवस राहतात. पण प्लेटलेट्स जेमतेम पाच ते सात दिवस, आणि त्या फ्रीजमध्ये नाही, खोलीच्या तापमानाला ठेवतात, एका मशीनवर पिशव्या सारख्या डुलत असतात, इकडून तिकडे, तिकडून इकडे, रात्रंदिवस, कारण थांबल्या तर पेशी एकमेकींना चिकटतात. पिवळसर, जरा गढूळ दिसणारी पिशवी असते, आणि कॅन्सरच्या उपचारात ज्यांच्या प्लेटलेट्स खाली गेल्यात त्यांना ती लागते. मी तिथे उभी राहून ते डुलणं बघत होते, तेव्हा तिथली टेक्निशियन मला म्हणाली, मॅडम मोठं शिबिर झालं की एका दिवसात खूप रक्त जमा होतं, छान वाटतं, पण मला पुढच्या मंगळवारी कोण येणार ते सांगा. तेव्हापासून आम्ही वर्षातून एक शिबिर घेणं बंद केलं आणि वहीत मंगळवारचा रकाना वाढवला. ज्यांचं वय-वजन बसत नाही किंवा औषधं चालू आहेत ते रक्तदात्याला घेऊन जातात, शेजारी बसतात, ते पण तितकंच लागतं.

एक गोष्ट मात्र आम्ही फार कटाक्षाने पाळतो. मदत करताना आपले विचार पसरवायचे नाहीत. रेड क्रॉस आणि इतर मदत संस्थांनी 1994 मध्ये जी आचारसंहिता केली तिच्यात हे साफ लिहिलंय, मदतीचा वापर कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही. लोकांना वाटतं हे फक्त धर्मवाल्यांना लागू, पण ते आम्हालाही तितकंच लागू आहे. वॉर्डात एक आजोबा होते, ते मला रोज स्तोत्र वाचून दाखवायला सांगायचे, आणि मी वाचायचे, नीट, उच्चार सांभाळून, मध्येच ते डोळे मिटून माझ्याबरोबर ओठ हलवायचे. आमच्यातल्या एका मुलाला ते पटलं नाही, तो म्हणाला ही तत्त्वाशी तडजोड आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. ती त्यांची खाट होती, त्यांचा आजार होता, त्यांनी काय ऐकायचं ते त्यांनी ठरवायचं.

आणि धार्मिक ग्रुपांशी आमचं छान जमतं. कोणाचाही सण असला की त्या दिवशी त्यांचे स्वयंसेवक साहजिकच घरी असतात, पेशंट मात्र तिथेच असतात. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय की सणाच्या दिवसाची ड्यूटी आमची, तुम्ही बिनधास्त घरी राहा. आता ते लोक आपणहून महिनाभर आधी यादी पाठवतात. पुढच्या सणाची आलीय परवा, त्यात सकाळ भरली, रात्रही भरली, दुपारी दोन ते सहा अजून मोकळं आहे. वही सध्या माझ्याकडे असते. उद्या गुरुवार आहे, संध्याकाळी मी फोनला बसणार आहे.